जुन्या खेळण्यांचा भाव

श्रोतेहो, दिवाळीच्या आधी घराची झाडलोट निघाली, की माळ्यावरची पत्र्याची पेटी खाली उतरते. त्या पेटीत काय काय निघेल याचा नेम नसतो. पोस्टाची तिकिटे चिकटवलेली वही निघते, काड्यापेट्यांचे छाप निघतात, बबलगमबरोबर मिळालेली क्रिकेटपटूंची चित्रे निघतात, नाहीतर परदेशी कुस्तीगिरांच्या पत्त्यांचा एखादा जोड निघतो. मग घरात दोन पक्ष पडतात. एक पक्ष म्हणतो, ही अडगळ भंगारवाल्याला द्या. दुसरा पक्ष म्हणतो, छे छे, अहो, असल्या जुन्या वस्तूंना हल्ली लाखो रुपये येतात. मी स्वतः मोबाइलवर पाहिलं आहे!

आज मी या दुसऱ्या पक्षाशी दोन गोष्टी बोलणार आहे. लहानपणी ज्यांचे वेड लागते आणि मोठेपणी ज्यांची आठवण उरते, अशा वस्तूंना पुढे खरोखर भाव येतो का? येतो तर कुणाला, आणि केव्हा? प्रश्न वरवर हलका दिसतो. पण त्यापायी लोकांनी घरातली पुंजी घालवलेली आहे, आणि आपल्या खेड्यापाड्यांतही आज त्यापायी पैसे बुडत आहेत. म्हणून तो नीट पाहू या.

मी कॉलेजात अर्थशास्त्र शिकवतो. मात्र पुस्तकातली व्याख्या सांगण्यापेक्षा एक घडलेली हकीकत सांगणे बरे. ती अमेरिकेतली आहे, पण माणसाचा स्वभाव इथून तिथून सारखाच.

अमेरिकेत शिकागो शहराजवळ टाय नावाची खेळण्यांची एक कंपनी आहे. टाय वॉर्नर या गृहस्थांनी ती १९८६ साली काढली. १९९३ साली या कंपनीने मुलांसाठी कापडाची लहान लहान जनावरे तयार केली. कुत्रा, डुक्कर, बेडूक, अस्वल अशी. त्यांना नाव दिले 'बीनी बेबीज'. आत प्लॅस्टिकचे बारीक दाणे भरलेले. त्यामुळे जनावर तळहातावर ठेवले की मऊ लागे आणि कसेही बसवले तरी बसे. किंमत ५ डॉलरच्या आसपास, म्हणजे तिथल्या शाळकरी मुलाला खाऊच्या पैशांत परवडेल एवढीच.

आता यात वेड लागण्यासारखे काय होते? खेळण्यात काही नव्हते, विकण्याच्या पद्धतीत होते. वॉर्नर यांनी ही जनावरे मोठ्या साखळी-दुकानांना दिलीच नाहीत. गावोगावच्या छोट्या भेटवस्तूंच्या दुकानांना दिली, आणि तीही एका वेळी मोजकीच. दुसरे असे की कोणते जनावर किती बनवले, हे कंपनी कधी सांगत नसे. आणि तिसरी गोष्ट सगळ्यांत नामी. मधूनमधून कंपनी जाहीर करी, की अमुक अमुक जनावर आता 'निवृत्त' झाले, ते पुन्हा बनणार नाही. झाले! काल पाच डॉलरला मिळणारे डुक्कर आज मिळेनासे झाले म्हटल्यावर लोक त्यासाठी पन्नास द्यायला तयार झाले.

याच सुमारास, १९९५ साली, इंटरनेटवर लिलाव चालवणारी ई-बे ही पेढी सुरू झाली. तोवर जुनी वस्तू विकायची म्हणजे गावातल्या गावात गिऱ्हाईक शोधावे लागे. आता घरबसल्या साऱ्या देशाचा बाजार उघडला. ई-बेच्या त्या सुरुवातीच्या दिवसांत तिथल्या विक्रीचा मोठा वाटा याच कापडी जनावरांचा होता. रोज भाव दिसू लागला. भाव दिसू लागला, की माणूस वस्तू पाहायचे सोडून भाव पाहू लागतो.

मग काय झाले ऐका. जनावरांच्या कानाला बदामाच्या आकाराची कागदी चिठ्ठी असे. ती चिठ्ठी चुरगळली तर भाव उतरतो, म्हणून त्या चिठ्ठीवर घालायला प्लॅस्टिकची टोपणे विकली जाऊ लागली! किमती सांगणारी मासिके निघाली. १९९७ च्या एप्रिलमध्ये मॅकडोनल्ड्स या खाणावळींच्या साखळीने मुलांच्या जेवणाबरोबर या खेळण्यांच्या छोट्या प्रती द्यायचे ठरवले. दहा कोटी नग तयार ठेवले होते आणि पाच आठवडे पुरतील असा अंदाज होता. ते दोन आठवड्यांतच संपत आले. त्याच वर्षी इंग्लंडच्या राजकन्या डायना अपघातात वारल्या. ऑक्टोबरमध्ये कंपनीने त्यांच्या स्मरणार्थ जांभळ्या रंगाचे एक अस्वल जाहीर केले, आणि त्यासाठी दुकानांपुढे रांगा लागल्या. गडद निळ्या रंगाचा एक हत्ती १९९५ साली थोडेच दिवस निघाला होता, पुढे तो फिकट रंगात येऊ लागला. तो गडद हत्ती हजारो डॉलरांना विकला गेला.

लक्षात घ्या श्रोतेहो, आता हा मुलांचा खेळ राहिलेला नव्हता. आईबाप ही जनावरे विकत घेऊन डब्यांत बंद करून ठेवत होते. मुलाने हात लावला तर ओरडत होते. कारण विचारले तर सांगत, 'अरे, तुझ्या कॉलेजचा खर्च यातून निघायचा आहे!' आपल्याकडे म्हण आहे ना, बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी. तसाच प्रकार. १९९९ च्या नोव्हेंबरात लास व्हेगास शहरातल्या एका कोर्टात घटस्फोट घेणारे एक जोडपे जमिनीवर बसून या खेळण्यांची वाटणी करीत असल्याचे छायाचित्र वर्तमानपत्रांनी छापले. एक नग तुला, एक नग मला. न्यायाधीशांच्या समोर, भर कोर्टात. शेतीच्या बांधावरून भांडणारे भाऊ आपण पाहिले आहेत. पण बांधाला निदान जमीन असते.

त्याच वर्षी ३१ ऑगस्टला कंपनीने जाहीर केले होते, की ३१ डिसेंबरला सगळीच जनावरे निवृत्त होतील. कंपनीला वाटले असेल, आता उड्या पडतील. काही उड्या पडल्याही. मग वर्षअखेरीला कंपनीने लोकांचे मत मागितले, पुढे चालू ठेवावे की बंद करावे? टेलिफोनवरून मत द्यायचे, एका मताला पन्नास सेंट. लोकांनी 'चालू ठेवा' म्हटले, आणि २००० साली नवी जनावरे पुन्हा बाजारात आली. पण लोकांच्या मनातली भीती गेली. 'पुन्हा मिळणार नाही' या एका भीतीवर सारा इमला उभा होता, तो बसला. ज्यांनी शेकड्यांनी जनावरे जमवली होती, त्यांची आज बहुतेक जनावरे मूळ किमतीलाही कुणी घेत नाही. ते जांभळे अस्वलसुद्धा. इंटरनेटवर आजही त्यापुढे लाखो डॉलर लिहिलेले दिसतात. प्रत्यक्षात तेच अस्वल किरकोळ डॉलरांना विकले जाते.

हे असे का झाले? इथे थोडे अर्थशास्त्र आले. पण घाबरू नका, हे तुम्हांला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे.

एका साली कांद्याला चांगला भाव आला, की पुढल्या साली गावात प्रत्येक वावरात कांदा दिसतो. सगळ्यांचा कांदा एकदम बाजारात येतो आणि भाव कोसळतो. त्या अमेरिकन आईबापांनी हेच केले. प्रत्येकाने जपून ठेवले, उद्या विकायचे म्हणून. उद्या उजाडला तेव्हा सगळेच विकायला निघाले आणि घ्यायला कुणी नाही. आणि कांदा निदान घरी खाता तरी येतो. डब्यात बंद ठेवलेले कापडी डुक्कर काय खाणार?

दुसरी गोष्ट यापेक्षा खोल आहे. आपल्याकडे काही वर्षांपूर्वी इमू पक्षी पाळण्याचे खूळ आले होते, आठवते? शहामृगासारखा तो उंच पक्षी. दक्षिणेत विशेष होते, आपल्या काही जिल्ह्यांतही पोचले होते. एका शेतकऱ्याने पिले घ्यायची, वाढवायची आणि दुसऱ्या नव्या शेतकऱ्याला विकायची. जोवर नवे शेतकरी येत होते तोवर भाव होता. पण त्या पक्ष्याचे मांस खाणारा, तेल विकत घेणारा शेवटचा गिऱ्हाईक पुरेसा नव्हताच. २०१२ साली तामिळनाडूत हा धंदा कोसळला आणि हजारो लोकांचे पैसे अडकले. तेव्हा कोणत्याही वस्तूला भाव चढू लागला की एक प्रश्न विचारावा. ही वस्तू जो घेतो आहे तो वापरण्यासाठी घेतो आहे, की पुढच्याला विकण्यासाठी? सगळेच पुढच्याला विकण्यासाठी घेत असतील, तर रांगेतला शेवटचा माणूस बुडणार हे ठरलेले.

तुम्ही म्हणाल, हे सारे खरे. पण काही जुन्या वस्तूंना प्रचंड किंमत येते हेही खरेच ना? होय, खरे आहे. तेही पाहू.

अमेरिकेत बेसबॉल हा खेळ आपल्या क्रिकेटसारखा लोकप्रिय. तिथे बबलगमच्या पाकिटात खेळाडूंची चित्रे असलेले पत्ते मिळत. टॉप्स नावाच्या कंपनीने १९५२ साली असे पत्ते काढले. त्यांचा शेवटचा भाग बाजारात यायला उशीर झाला. बेसबॉलचा हंगाम सरत आला होता, मुलांचे लक्ष दुसरीकडे गेले होते. माल खपला नाही. कित्येक वर्षे तो गोदामात पडून होता. शेवटी १९६० साली ती खोकी एका बोटीवर चढवून समुद्रात बुडवली. ही हकीकत त्या कंपनीतल्या साय बर्जर यांनीच पुढे सांगितली. ज्या मुलांनी तेव्हा हे पत्ते घेतले होते त्यांनी ते खेळात फाडले, आणि उरलेले आयांनी केरात टाकले. आता ऐका. त्या शेवटच्या भागात मिकी मँटल नावाच्या खेळाडूचा एक पत्ता होता. त्याची एक उत्तम राहिलेली प्रत २०२२ च्या ऑगस्टमध्ये १ कोटी २६ लाख डॉलरना विकली गेली.

आणि गंमत पुढेच आहे. जुन्या पत्त्यांना असा भाव येतो असे कळल्यावर १९८० नंतरच्या काळात घरोघर लोक नवे पत्ते खोक्यांनी विकत घेऊन ठेवू लागले. कंपन्यांनी मागणी पाहून अफाट पत्ते छापले. ती खोकी आज मिळतात, आणि अगदी मामुली किमतीला मिळतात. म्हणजे पाहा, जे सगळ्यांनी फेकून दिले ते महाग झाले आणि जे सगळ्यांनी जपले ते स्वस्त राहिले. या एका वाक्यात आजच्या भाषणाचे सार आले असे समजायला हरकत नाही.

जुनेपणा म्हणजे किंमत नव्हे, हे पोस्टाच्या तिकिटांवरून फार चांगले कळते. जगातले पहिले तिकीट इंग्लंडने १८४० साली काढले. काळ्या रंगाचे, एक पेनीचे. इतके जुने, पण छापले होते पावणेसात कोटींच्या वर. म्हणून त्याची वापरलेली साधी प्रत आजही हौशी माणसाला परवडते. उलट ब्रिटिश गियाना या वसाहतीचे १८५६ सालचे एक सेंटचे तिकीट घ्या. किरमिजी कागदावर छापलेले, कोपरे कापलेले, दिसायला अगदी गबाळे. जगात त्याची एकच प्रत उरली आहे. १८७३ साली ती सापडली एका बारा वर्षांच्या शाळकरी मुलाला, घरातल्या जुन्या पत्रांच्या गठ्ठ्यात. त्याने ती सहा शिलिंगांना विकून टाकली. २०१४ साली तेच तिकीट जवळजवळ ९५ लाख डॉलरना गेले. आणि हे ऐकून ठेवा, २०२१ साली ते पुन्हा लिलावात आले तेव्हा त्याला ८३ लाख डॉलरच मिळाले. जगात एकच असलेल्या वस्तूचा भावसुद्धा सात वर्षांत उतरला. मग आपल्या वहीतल्या तिकिटांचे काय?

आपल्या देशातलेही उदाहरण आहे. १९४८ साली स्वातंत्र्याच्या पहिल्या वाढदिवशी सरकारने महात्मा गांधींची तिकिटे काढली. त्यांतल्या दहा रुपयांच्या तिकिटांपैकी शंभराच्या आसपास तिकिटांवर 'सर्व्हिस' अशी अक्षरे छापली, ती गव्हर्नर जनरलच्या कचेरीच्या वापरासाठी. अशा चार तिकिटांची एक पट्टी २०१७ साली पाच लाख पौंडांना विकली गेली. पण तीन-चार दशकांमागे तुम्हीआम्ही पाकिटांवरून भिजवून काढलेली तिकिटे? ती लाखो-कोटींनी छापलेली. त्यांतून आपण जग पाहिले, हा लाभ खरा. पण पैशांचा लाभ शोधू नये.

आता हल्लीच्या मुलांचे वेड. पोकेमॉनचे पत्ते जपानात १९९६ साली आणि अमेरिकेत १९९९ साली आले. तेव्हा त्यांच्यापायी शाळांत इतके तंटे झाले, की अनेक अमेरिकन शाळांनी ते आणायला बंदी केली. ती मुले मोठी झाली, कमावू लागली. कोरोनाच्या काळात घरी बसल्या बसल्या त्यांना बालपण आठवले, आणि जुन्या पत्त्यांचे भाव भडकले. २०२१ च्या मे महिन्यात टार्गेट नावाच्या मोठ्या दुकान-साखळीला आपल्या दुकानांतली पत्त्यांची विक्री काही काळ थांबवावी लागली, इतकी गर्दी आणि धक्काबुक्की. पहिल्या आवृत्तीतला 'चारिझार्ड' या प्राण्याचा एक पत्ता २०२२ च्या मार्चमध्ये ४ लाख २० हजार डॉलरना गेला.

पण कोणता पत्ता? तिथे पत्ते तपासून एक ते दहा असे गुण देणाऱ्या संस्था आहेत. कोपरा झिजलेला नाही, चित्र मध्यावर आहे, पृष्ठावर ओरखडा नाही, असे सारे असेल तर दहा गुण. हा दहा गुणांचा पत्ता होता. म्हणजे ज्या पत्त्याशी कुणी खेळलेच नाही तो. मुलाने खिशात घालून शाळेत नेलेला, चिखलात पडलेला, मित्राशी अदलाबदल केलेला पत्ता सहसा फार थोड्या पैशांत जातो. आणि आपल्याकडच्या जत्रेत, स्टेशनरीच्या दुकानांत जे सोनेरी चकचकीत पत्ते मिळतात ते बहुतेक नकलीच असतात. मुलांनी खुशाल खेळावे. त्यांत धन शोधू नये.

यातून आणखी एक नियम हाती लागतो. बालपणीच्या वस्तूंचा भाव एका पिढीबरोबर चढतो. ज्यांनी लहानपणी त्या हाताळल्या ते पस्तीस-चाळिशीचे झाले, हाती पैसा आला, की त्यांना त्या पुन्हा हव्या होतात. ती पिढी म्हातारी झाली, की घ्यायला कुणी उरत नाही. नातवाला आजोबांच्या आठवणी विकत घ्यायच्या नसतात. त्याला स्वतःच्या असतात.

शिवाय हिशेब पाहा. शंभर रुपये द.सा.द.शे. सात टक्क्यांनी चक्रवाढीने ठेवले, तर दहा वर्षांत जवळजवळ दुप्पट होतात, वीस वर्षांत चौपटीच्या घरात जातात आणि तीस वर्षांत साडेसात पटीच्या वर. तेव्हा तीस वर्षांपूर्वी शंभराला घेतलेली वस्तू आज सातशेला गेली, तर फायदा झाला असे वाटते. प्रत्यक्षात पोस्टातल्या किंवा बँकेतल्या ठेवीइतकेही मिळालेले नसते. वर ती जपायची, वाळवीपासून, कसरीपासून, पावसाळ्याच्या ओलीपासून वाचवायची, ते वेगळेच.

आता मी सुरुवातीला म्हटले ते पैसे बुडण्याचे. ट्रॅक्टरचे चित्र असलेली पाच रुपयांची जुनी नोट तुम्ही पाहिली असेल. त्या नोटेला लाखो रुपये मिळतात अशा जाहिराती मोबाइलवर फिरतात. माझ्या वर्गातल्या एका विद्यार्थिनीच्या वडिलांनी अशी जाहिरात पाहून दिलेल्या नंबरावर फोन केला. समोरचा माणूस मोठा गोड बोलणारा. म्हणाला, 'काका, तुमची नोट आम्ही सहा लाखांना घेतली. फक्त नोंदणीचे अकराशे पाठवा.' पाठवले. मग कराचे सहा हजार. पाठवले. मग पैसे नेऊन पोचवण्याच्या विम्याचे नऊ हजार. हे पैसे बियाण्यासाठी बाजूला काढलेले होते. त्यानंतर फोन लागेना. मुलीने मला सांगितले, ती म्हणाली, 'सर, पैशांचं एवढं नाही. बाबा आता चावडीवर जाऊन बसत नाहीत.' शरमेने माणूस घरात बसला. कुणाला सांगवेना, आणि सांगवेना म्हणूनच दुसरा शेजारी त्याच जाळ्यात सापडायला मोकळा राहिला.

म्हणून स्पष्ट सांगतो. रिझर्व्ह बँक जुन्या नोटा-नाण्यांच्या असल्या खरेदी-विक्रीत पडत नाही, आणि त्यासाठी कुणाकडून शुल्क किंवा कमिशनही घेत नाही. बँकेने २०२१ च्या ऑगस्टमध्ये तसे जाहीर निवेदन काढून लोकांना सावध केले आहे. खरा गिऱ्हाईक पैसे देतो; तो आधी पैसे मागत नाही. जो आधी मागतो, तो गिऱ्हाईक नव्हे. आणि फसवणूक झालीच, तर लाजू नका. १९३० हा सरकारी मदतीचा टेलिफोन क्रमांक आहे. जितक्या लवकर कळवाल तितके पैसे अडवून धरण्याचा संभव जास्त.

मग घरातल्या जुन्या संग्रहाचे करायचे काय? तुमच्या पेटीतून खरेच काही वेगळे निघाले, तर चार गोष्टी तपासा. किती नग निघाले होते? त्यांतले किती उरले असतील? आपली प्रत कशा स्थितीत आहे? आणि ती हवी असणारा माणूस आज कोण आहे? चौथ्या प्रश्नाला उत्तर नसेल तर पहिल्या तिहींना अर्थ नाही. भाव पाहायचा तर मागितलेला पाहू नका, प्रत्यक्ष मिळालेला पाहा. बैलबाजारात मालक तोंडाने काय सांगतो आणि रुमालाखाली बोटे दाबून काय ठरते, हा फरक तुम्हांला मी सांगायला नको. जुने नाणे असेल तर चिंच लावून घासू नका; चकचकीत केलेल्या नाण्याचा भाव जाणकार उतरवतात. आणि दाखवायचे तर एकाला नव्हे, दोघा-तिघांना दाखवा.

शिक्षक बंधुभगिनींना मात्र वेगळे सांगायचे आहे. 'जपून ठेव, पुढे याला भाव येईल' हे वाक्य मुलांशी बोलताना आपण सोडून द्यावे. या एका वाक्याने छंदाचा धंदा होतो, आणि तोही बुडीत. त्याऐवजी मुलांचा संग्रह वर्गात आणवा. तिकिटांवरून नकाशात देश शोधता येतो, भाषा आणि नाणी ओळखता येतात. काड्यापेट्यांच्या छापांवरून माल कोणत्या गावात बनतो ते निघते. प्रत्येक मुलाने एक वही घालावी: वस्तू कोणती, कुणाकडून मिळाली, केव्हा, कशाच्या बदल्यात. सातवी-आठवीच्या वर्गात तर एक लिलावच करून पाहावा. प्रत्येक मुलाला दहा चिंचोके द्यावेत आणि एक साधी वस्तू ठेवून, 'ही एकच आहे' असे सांगून बोली लावावी. मग खिशातून तशाच आणखी दहा वस्तू काढाव्यात आणि पुन्हा बोली लावावी. चिंचोके कसे खाली येतात ते मुले स्वतःच पाहतील. मागणी आणि पुरवठा हा धडा मग फळ्यावर लिहून द्यावा लागणार नाही.

मुलांच्या अदलाबदलीत एक शहाणपण असते, ते आपण मोठी माणसे विसरतो. दोन गोट्या देऊन एक छाप घेणारा मुलगा तो छाप त्याला आवडला म्हणून घेतो. तो वीस वर्षांनंतरच्या गिऱ्हाइकाची वाट पाहत नसतो. खेळण्याची किंमत खेळतानाच वसूल झालेली असते. ज्या बाहुलीचा हात तुटला, ज्या पत्त्याचा कोपरा दुमडला, तिने आणि त्याने आपले काम चोख बजावले आहे. बंद डब्यातले कोरे खेळणे मात्र कुणालाच उपयोगी पडले नाही. मुलालाही नाही, आणि बहुतेक वेळा बापालाही नाही.

तेव्हा श्रोतेहो, मुलांना खेळू द्या, जमवू द्या, वाटू द्या. शिल्लक टाकायची ती पोस्टात, बँकेत, नाहीतर विहिरीच्या डागडुजीत टाका. आणि उद्या कुणी फोनवरून तुमच्या जुन्या नोटेचे सहा लाख देऊ केले, तर त्याला एवढेच सांगा, 'बाबा रे, ये, समोर बस, चहा घे, आणि पैसे आधी तू मोज.'